खोट्या तळाच्या मापट्यावर शीग: न्याय, दया आणि नम्रता म्हणजे ख्रिस्ती माणसाने नेमकं करायचं काय?

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण असतो. शेतातलं पहिलं पीक देवापुढे ठेवायचं, ही त्यामागची जुनी कल्पना. आता शहरात शेत आहे किती जणांकडे? म्हणून कुणी नारळ आणतं, कुणी जिवंत कोंबडी, कुणी घरची कांदा-लसूण चटणी, तर कुणी परसातला भोपळा. उपासना संपली की आवारातच सगळ्याचा लिलाव होतो आणि आलेले पैसे मंडळीच्या कामाला लागतात. मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद.

गेल्या खेपेला शेजारचा मित्र सोबत आला होता. करवीर तालुक्यात त्याचा ऊस आहे, आणि लहानपण तालमीत गेलेलं. एक साधा लाल भोपळा शंभरापासून सुरू झाला आणि चढत चढत अकराशेवर गेला. घेणारा मीच. टाळ्या पडल्या. मित्र कानाशी लागून म्हणाला, "भावा, मंडईत पन्नासला मिळतोय की ह्यो. तुमच्या देवाला भोपळा पायजे का पैसं?"

मी हसून वेळ मारून नेली. पण तासाभरापूर्वीच उपासनेत बायबलमधल्या मीखाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचला होता आणि त्यात जवळपास हाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर अनेक ख्रिस्ती घरांत कॅलेंडरवर छापलेलं असतं: न्यायाने वागणे, आवडीने दया करणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे. तीन गोष्टी, पाठ करायला सोप्या. मित्राला त्या समजावून सांगताना मात्र माझीच दमछाक झाली.

हा मीखा कोण?

मीखा हा संदेष्टा होता. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा जोशी नव्हे. देवाच्या वतीने लोकांना, त्यातही सत्तेवर बसलेल्यांना, तोंडावर सुनावणारा माणूस. काळ इसवीसनापूर्वीचं आठवं शतक. गाव मोरेशेथ, यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, डोंगर उतरून सपाटीकडे जाताना लागणाऱ्या शेतीच्या पट्ट्यातलं. राजधानीतला दरबारी माणूस नव्हे, खेड्यातला. उत्तरेकडून अश्शूरचं साम्राज्य चालून येत होतं. शेजारच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२च्या सुमारास पडली आणि इ.स.पू. ७०१मध्ये अश्शूरच्या फौजा मीखाच्या यहूदा राज्यातही घुसल्या.

गंमत म्हणजे मीखा परक्या फौजेवर फारसा बोलतच नाही. त्याचा राग घरच्यांवर आहे. लोक रात्री अंथरुणात पडून बेत करतात आणि उजाडताच दुसऱ्याचं शेत बळकावतात. पुढारी लाच घेऊन निवाडा करतात, याजक, म्हणजे मंदिरातले पुरोहित, पैसे घेऊन शिकवण देतात, आणि हेच सगळे वर म्हणतात, 'देव आमच्यात आहे, आम्हाला काय होतंय?' माझ्या मित्राला इथवरचं समजावून सांगायची गरजच पडली नाही. सात-बाराची प्रकरणं त्याने पाहिलेली आहेत.

प्रश्न भोपळ्याचाच होता

सहाव्या अध्यायात एक माणूस विचारतो, मी देवापुढे येऊ तरी काय घेऊन? होमबली, म्हणजे वेदीवर जाळायचं जनावर, आणू? एक वर्षाची वासरं आणू? हजारो मेंढे चालतील? तेलाच्या दहा हजार नद्या? की पोटचा पहिला पोरगा देऊ?

बोली कशी चढत जाते ते बघा. वासरापासून सुरुवात आणि पोरापर्यंत मजल. लिलावच आहे हा, फक्त बोली देवापुढे लागली आहे. त्यावर मीखाचं उत्तर असं की, बाबा रे, चांगलं काय ते तुला आधीच सांगितलेलं आहे. मग त्या तीन गोष्टी येतात, आणि तिन्हींपैकी एकही विकत मिळणारी नाही.

पुढे यहुदी धर्मपंडितांनी म्हटलं की मोशे या त्यांच्या जुन्या पुढाऱ्याच्या शास्त्रातल्या ६१३ आज्ञा मीखाने तीनवर आणून ठेवल्या. आकडा कमी झाला म्हणून काम सोपं झालं, असं मात्र नाही.

न्याय: आधी मापट्याचा तळ बघा

मूळ हिब्रू शब्द आहे 'मिश्पाट'. न्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोर्ट, तारीख आणि काळा कोट उभा राहतो. मिश्पाटचा अर्थ त्याहून मोठा आहे. ज्याचं जे देणं लागतं ते त्याला पोचणं, आणि पोचत नसेल तर ते पोचवण्याची व्यवस्था करणं. त्या काळी वडीलधारे गावच्या वेशीत बसून निवाडा करायचे, आपल्या चावडीसारखं. तिथे ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, म्हणजे विधवा, अनाथ, परका आणि गरीब, त्याचं ऐकलं जातंय का, ही खरी परीक्षा होती.

बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात हा न्याय फार बारीकसारीक गोष्टींत उतरलेला आहे आणि मला तो तिथेच सर्वात जास्त पटतो. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. कर्जापोटी कुणाच्या जात्याची वरची तळी गहाण घेऊ नका. ती नेली तर त्या घरात दळण कशावर होणार? गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर दिवस मावळायच्या आत परत करा. रात्री तो पांघरेल काय? आजच्या भाषेत सांगायचं तर, हप्ता थकला म्हणून बाईचं शिलाई मशीन उचलून नेऊ नका.

मीखा त्याच अध्यायात पुढे खोट्या मापावर आणि कपटी वजनांच्या पिशवीवर येतो. विकायचं माप लहान, घ्यायचं वजन जड. हे वाचून दाखवलं तेव्हा मित्र ताडकन म्हणाला, "काटामारी! म्हंजे त्येंच्यातबी होतीच की." काटामारी म्हणजे वजनकाट्यातली लबाडी. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. ट्रॉलीत ऊस किती भरला, काट्यावर किती दिसला आणि पावतीवर किती आला, या तीन आकड्यांत वर्षाची कमाई अडकलेली असते. सूर्य मावळायच्या आत मजुरी देण्याच्या नियमाचा लांबचा भाऊबंद आपल्या कायद्यातही आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज लागतं. आपल्या भागात दर हंगामात आंदोलनं कशावरून होतात हे आठवलं की मीखा काही फार जुना वाटत नाही.

पण न्याय म्हणजे नेहमी कारखानदार आणि पुढारी, अशी सोयीची समजूत करून घेऊ नये. लिलावात अकराशेची बोली लावली त्या दिवशी आमच्या घराला रंग देणाऱ्या रंगाऱ्याचे अडीच हजार माझ्याकडे थकले होते. एका खिडकीची पट्टी राहिली होती, एवढं निमित्त. तीन आठवडे झाले होते. दोनदा त्याचा फोन आला, दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होतो. म्हणजे, तसं सांगितलं.

दया: उपकार नव्हे, पैरा

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला ख्रिस्ती म्हटलं की आधी शाळा आणि दवाखाना आठवतो. १८५२मध्ये रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळांवर भर दिला. पुढे मिरजेत डॉ. वानलेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलचं नाव लांबवर झालं. त्यामुळे 'तुमचा धर्म म्हणजे सेवा' असं लोक कौतुकाने म्हणतात. यात आमचा एक तोटा होतो. दया म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेलं काहीतरी, असा अर्थ डोक्यात पक्का बसतो.

मूळ शब्द आहे 'हेसेद'. त्याला एका मराठी शब्दात पकडणं अवघड. दया आहे, पण त्यात इमान आहे आणि नात्याची चाड आहे. सर्वात जवळची गोष्ट मला सापडली ती आपल्या शेतकऱ्यांच्या पैऱ्यात. तुझी पेरणी आहे, मी बैल घेऊन येतो. माझी असेल तेव्हा तू ये. कुणी कुणावर उपकार करत नाही, कारण उद्या पाळी माझी. हेसेद इथून सुरू होतो आणि एक पाऊल पुढे जातो. समोरच्याकडे आता बैलच उरले नाहीत, तो पैरा फेडू शकणार नाही हे ठाऊक असूनही तुम्ही बैल घेऊन जाता.

बायबलमधल्या रूथची गोष्ट अशीच. नवरा वारलेली परक्या मुलखातली सून, म्हाताऱ्या सासूला सोडून माहेरी जायला मोकळी असते आणि जात नाही. सासूकडे तिला द्यायला काहीच नसतं. त्या पुस्तकात हेसेद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

आपल्या गावातलं उदाहरण द्यायचं तर गंगाराम कांबळे यांचं. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला राजर्षी शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली. इथवर ती नुसती मदत होती. पण नंतर महाराज गाडी थांबवून त्याच हॉटेलातला चहा प्यायचे, सगळ्यांदेखत, आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. पैसे देणारे राजे पुष्कळ झाले, पण त्याच्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन चहा पिणं ही वेगळी जात आहे. याच महाराजांनी त्याच्या आधीच, २६ जुलै १९०२ला, मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूमही काढला होता. हुकूम काढला म्हणून आता चहा नको, असं त्यांना वाटलं नाही. महाराज ख्रिस्ती नव्हते, हे सांगायला नको. मीखाचा मक्ता कुणाकडेच नाही.

आता मापट्याची गोष्ट. धान्य मोजताना माप काठोकाठ भरणं हा न्याय. त्यावर ओंजळभर जास्त ओतून शीग चढवणं ही दया. येशूही दाबून, हालवून, शीग भरून दिलेल्या मापाबद्दल बोलतो. पण मापट्याला आतून खोटा तळ बसवला असेल तर वर कितीही शीग चढवा, घरी जाऊन मोजलं की धान्य कमीच भरणार. नाताळला वाटलेली ब्लँकेटं आणि थकवलेली मजुरी यांचा हिशेब असा आहे. शीग लांबून दिसते, तिचा फोटोही निघतो. तळ मात्र कुणी बघत नाही.

"माफ करा म्हणता, मग न्याय कसला?"

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि रास्त आहे. एका गालावर मारली तर दुसरा पुढे करायचा, तर मग गुन्हेगाराची मजाच की.

येशूच्या एका दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, राजा एका चाकराला दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करतो. तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी दुसऱ्याची मानगूट धरतो. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सहा हजार दीनार. आज ६०० रुपये हजेरी धरली तर त्याला माफ झाले ३,६०० कोटी आणि तो भांडतोय ६० हजारांवरून. गोष्ट ऐकून हसू येतं, पण त्यातला एक मुद्दा निसटतो. राजाने स्वतःचं येणं सोडलं. दुसऱ्या कुणाचं नव्हे. माफी ज्याचं येणं आहे त्याने द्यायची असते. देणेकऱ्याने ती गृहीत धरायची नसते, आणि तिसऱ्याने मधे येऊन 'सोडून दे की आता' म्हणायचं तर मुळीच नसतं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर, प्रार्थना कर' म्हणून परत त्याच घरात धाडणारे महाभाग आमच्यात आहेत. त्यांनी मीखाच्या वचनातला पहिला शब्दच गाळलेला असतो.

आणि माफी मिळालेल्याने काय करायचं? जक्कय नावाचा जकातदार होता, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा जातो. जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. दोन वेगळे हिशेब आहेत हे. अर्धी मालमत्ता ही दया, चौपट परतफेड हा न्याय. एकाच्या पैशांतून दुसरा हिशेब त्याने चुकता केला नाही.

नम्रता कुणी कुणाला शिकवायची?

तिन्हींत हा भाग सर्वात धोक्याचा. पिढ्यानपिढ्या ज्यांना मान खाली घालायला लावली, त्यांनाच पुन्हा 'नम्र व्हा' म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. महाराष्ट्रातले बरेच ख्रिस्ती याच समाजांतून आलेले आहेत, त्यामुळे हा आक्षेप आमच्या घरातलाच आहे.

पण मीखा हे म्हणतोय कुणाला? ज्याच्याकडे हजारो मेंढे आणि तेलाच्या नद्या देण्याची भाषा आहे, त्याला. लिलावात बोली लावणाऱ्याला. काठावर उभं राहून बघणाऱ्याला नव्हे. बायबल मोशेला पृथ्वीवरचा सर्वात नम्र माणूस म्हणतं, आणि हाच मोशे मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजासमोर उभा राहून 'माझे लोक सोड' म्हणतो. तेव्हा नम्रता म्हणजे गप्प बसणं नाही.

इथला हिब्रू शब्द बायबलमध्ये फार क्वचित येतो. त्यात गाजावाजा न करता, जपून चालण्याची छटा आहे. जुन्या यहुदी पंडितांनी त्याचा अर्थ लावताना दोन प्रसंग घेतले: मयताला पोचवणं आणि नवरीला मांडवात नेणं. चारचौघांत होणाऱ्या या गोष्टीसुद्धा जर साधेपणाने करायच्या, तर गुपचूप करायच्या गोष्टींची काय कथा, असं त्यांचं म्हणणं. हे वाचल्यापासून चौकाचौकांतले फ्लेक्स बघताना मला दरवेळी ते पंडित आठवतात. आमच्या चर्चच्या दारातले फ्लेक्सही यात आले.

मग उपासना, दान, सण सोडायचे का?

तसं मीखा म्हणत नाही, येशूही म्हणत नाही. त्याच्या काळचे काही धार्मिक पुढारी पुदिना, शेपू आणि जिरे यांचासुद्धा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, मोजून देवाला देत. पुदिन्याच्या जुडीतली दर दहावी काडी बाजूला काढणारा माणूस डोळ्यांपुढे आणा! येशू त्यांना म्हणतो, न्याय, दया आणि विश्वास या वजनदार गोष्टी तुम्ही सोडल्यात; त्या करायच्या होत्या आणि याही सोडायच्या नव्हत्या. दुसरीकडे तो सांगतो, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी मिटव, मग ये. म्हणजे प्रश्न क्रमाचा आहे.

आमच्यातल्या जाणत्यांचा आक्षेप वेगळाच असतो: 'तारण तर कृपेने होतं, कर्मांनी नाही.' तारण म्हणजे पापातून सुटका, आणि ती कमवून मिळत नाही, देवाकडून फुकट मिळते, हा प्रोटेस्टंट शिकवणीचा कणा. मग ही कामं कशासाठी? मीखाच्या त्याच अध्यायात उत्तर आहे. मागणी करण्याआधी देव आठवण करून देतो की मी तुम्हाला मिसरच्या गुलामीतून सोडवलं. सुटका आधी झालेली आहे, मागणी नंतर आली आहे. ही आत शिरायची फी नाही, आत आल्यावरची घरची रीत आहे. घरात जन्मलेल्या पोराला ताट उचलायला सांगतात ते जेवणाचे पैसे वसूल करायला नव्हे.

महापुरात तिन्ही एकदम दिसतात

कोल्हापुरात पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत या गावाने जी दया पाहिली तिला तोड नाही. कुणाची नाव, कुणाची भाकरी, हे कुणी विचारलं नाही.

पाणी ओसरल्यावर न्यायाचे प्रश्न वर आले आणि ते विचारणारे पटकन नावडते झाले. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी पोचतं म्हणून आखलेल्या हद्दीच्या, आत बांधकामाला परवानगी कशी मिळाली? ज्यांचं घर मातीचं, त्यांचा पंचनामा कुणी केला? भाड्याने राहणाऱ्याचं काय? भाकरी वाटताना टाळ्या मिळतात, हे विचारताना मिळत नाहीत. आणि नम्रता? मदतीच्या गाड्यांतून जुन्या साड्यांचे ढीग येत होते तेव्हा एका बाईने सांगितलं, "साड्या नकोत ओ, शेणामातीनं भरलंय घर, खराटा नि फिनेल द्या." आधी विचारायचं, मग आणायचं. त्या वर्षी हे आम्ही उशिरा शिकलो.

मित्राला हे सगळं एका दमात सांगितलेलं नाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्या, काही रंकाळ्यावर, काही आमच्या कट्ट्यावर. शेवटी तो म्हणाला, "ते सगळं खरं. पण रंगाऱ्याचं दिलंस का?"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. रंगारी जवळच दुसऱ्या एका घरी काम करत होता, तिथेच गेलो. बायकोने त्या अकराशेच्या भोपळ्याचे घारगे केले होते, ते डब्यात घेतले. तो शिडीवरून उतरला, हात पँटीला पुसले आणि पाचशेच्या पाच नोटा एकेक करून मोजल्या. मग खिशातून दोनशेची नोट काढून माझ्यापुढे धरली.

"हे कशाचे?"

"पहिल्या आठवड्यात उचल घेतलेली की, साहेब. विसरलासा?"